टाकी वाहून गेली, तरी समाधी नव्हे

पत्र :

मॅडम, नमस्कार. मी नाशिकरोडला राहते, वय ४८. घरी सासूबाई, यजमान आणि बारावीतला मुलगा. माहेर वारकरी, हरिपाठ लहानपणापासून तोंडपाठ. वर्षभरापूर्वी गंगापूर रोडच्या एका सत्संगात जायला लागले. तिथे रमण महर्षींच्या ‘मी कोण?’ या साधनेबद्दल ऐकलं आणि मनाने घेतलं. तेव्हापासून रोज पहाटे चारला उठून बसते. मनात ‘मी कोण, मी कोण’ म्हणत राहते. वीसेक मिनिटांनी सगळं थांबतं. विचार नाही, आवाज नाही, काहीच नाही. भानावर येते तेव्हा पाऊण तास गेलेला असतो आणि फार शांत वाटतं. दिवसभर त्या शांततेची ओढ असते. मागच्या महिन्यात पाण्याची मोटर लावून बसले. टाकी भरून वाहायला लागली, खालच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवून दमल्या, मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. सत्संगातली मैत्रीण म्हणते, तुला समाधी लागते आहे, कुंडलिनी जागी झाली आहे. आता ‘मी कोण’ रोज १००८ वेळा म्हण, बैठक दोन तासांवर ने आणि हरिपाठ सोड, ते द्वैत आहे.

पण यजमान म्हणतात, ‘तू हल्ली आमच्यात नसतेस.’ साडेपाचला सासूबाईंनी देवघरात घंटा वाजवली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आणि एक गोष्ट मैत्रिणीशिवाय कुणालाच सांगितली नाही. द्वारका चौकात स्कूटरवर असताना दोनदा अचानक सगळं सिनेमासारखं, खोटं वाटलं. हँडल धरलेले हात माझे नाहीत असं वाटलं. फार घाबरले. मैत्रीण म्हणाली, हा साक्षीभाव आहे. खरं काय समजू? गुरूशिवाय हे करणं चुकतंय का? आणि इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ का?

– एक साधिका, नाशिकरोड

उत्तर :

ताई,

स्कूटरचं आधी बोलू. पुढचे काही आठवडे ती चालवू नका. नाशिकरोडहून द्वारकेला रिक्षा आहेत, सिटीलिंकच्या बस आहेत. हात कुणाचे हा प्रश्न कितीही थोर असला, तरी मागून ट्रक हॉर्न मारत असताना तो पडून चालणार नाही.

हात आपले न वाटणं, भोवतालचं सगळं खोटं वाटणं, आपण आपल्यालाच लांबून बघतोय असं वाटणं हे डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं आहे. अपुरी झोप, साचलेला ताण, चिंता आणि काही जणांत अति ध्यान यांतून ते होतं. यात वेड लागल्याचं काही लक्षण नाही, तेव्हा ती भीती आधी काढून टाका. पण तुमच्या मैत्रिणीने त्याला साक्षीभाव म्हणावं हे मला मुळीच पटलेलं नाही. साक्षीभावात माणूस घाबरत नाही. हात चालत असतात, समोरचं स्पष्ट दिसत असतं, उलट नेहमीपेक्षा जास्त लक्ष असतं. फक्त ‘माझं, माझं’ ही ओढाताण सैल पडलेली असते. तुमचं उलट झालं. जग पुसट झालं आणि भीती वाढली.

म्हणून पहिलं काम फॅमिली डॉक्टरांकडे जाणं. त्यांना दोन्ही गोष्टी सांगा, स्कूटरवरची आणि पहाटेचीही. देवाधर्माची बाब डॉक्टरांना कशाला सांगायची असा संकोच बायका करतात, आणि मग डॉक्टर नुसतं ‘थकवा आहे’ म्हणून टॉनिक लिहून देतात. दार वाजतंय आणि आपल्याला कळत नाही, मधला वेळ आठवत नाही, हे त्यांना नीट कळायला हवं. काही प्रकारच्या फिट्समध्ये हातपाय झडत नाहीत, माणूस नुसता हरवतो. तुमचं तसंच असेल असं मी म्हणत नाही, बहुधा नसेलच. पण ते ठरवायचं काम माझं नाही आणि सत्संगाचंही नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ पाहून घ्या. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी पाळीचं चक्र बदलत असतं, त्यात झोप उडते, छातीत धडधडतं, चिडचिड होते. त्याचाही वाटा असू शकतो. मध्येच कधी फार घाबरायला झालं आणि घरी बोलता येईना, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता झोपेचं. चारला उठता हे लिहिलंत, झोपता कधी ते लिहिलं नाहीत. बारावीतलं पोर असलेल्या घरात साडेअकराच्या आत दिवे बंद होत नाहीत, असं मी धरून चालते. म्हणजे झाली साडेचार तास झोप, तीही वर्षभर. अशा शरीराला पहाटेच्या अंधारात, डोळे मिटवून, एकच शब्द घोळवत बसवलं, तर वीस मिनिटांनी काय होईल? ब्राह्ममुहूर्ताबद्दल मला आदर आहे. पण तो नऊला झोपणाऱ्यांसाठी होता. गीतेच्या सहाव्या अध्यायात, जिथे आसन कुठे घालावं इथपासून सगळं सांगितलं आहे, तिथेच भगवंत म्हणतात की फार झोपणाऱ्याला योग नाही आणि जागरण करणाऱ्यालाही नाही. यातलं दुसरं अर्ध वाक्य आपण सोयीने गाळतो.

तरी समजू की ती झोप नाही. तुम्ही ताठ बसलेल्या असता, मान लवत नाही, उठल्यावर ताजंतवानं वाटतं. मग ती समाधी का?

या प्रश्नावर आपल्याकडे फार बारकाईने विचार झालेला आहे आणि त्याचा पत्ता सत्संगांत क्वचितच लागतो. योगसूत्रांत पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या, त्यांत निद्रा ही एक वृत्ती म्हणून मोजली. ‘काही नाही’ हाच जिच्या पोटात विषय असतो ती वृत्ती म्हणजे निद्रा. म्हणजे सगळं कोरं होणं हासुद्धा मनाचाच एक आकार. तिथे मन थांबलेलं नसतं, अंधार पांघरून बसलेलं असतं. आणि समाधीचं सूत्र बघा. ध्यानात ध्येय एवढंच उजळून राहतं आणि ध्यान करणारा जणू शून्य होतो, ती समाधी. तिथे काहीतरी उजळलेलं आहे. तुमच्या पाऊण तासात काय उजळलेलं असतं? पत्रात तुम्हीच लिहिलं आहे : काहीच नाही.

वेदान्तात या अवस्थेला ‘लय’ असं स्वच्छ नाव आहे आणि ती साधनेतल्या अडथळ्यांत धरली आहे. शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू गौडपादाचार्य मांडूक्य उपनिषदावरच्या आपल्या कारिकेत सांगतात, ‘लये संबोधयेच्चित्तं, विक्षिप्तं शमयेत्पुनः’. चित्त लयात बुडालं तर त्याला जागं करा, पांगलं तर शांत करा. आपण सगळे दुसऱ्याच अर्ध्यावर आयुष्य घालवतो, कारण मनाचं पांगणं त्रास देतं. लय त्रास देत नाही, उलट गोड लागतो, म्हणून त्याची तक्रार घेऊन कुणी येत नाही. तुम्ही आलात, ते टाकीमुळे.

खुद्द रमण महर्षी या बाबतीत फार कडक होते. त्यांच्या ‘उपदेशसार’ या तीस श्लोकांच्या छोट्या प्रकरणात ते म्हणतात, मन आवरण्याचे दोन प्रकार आहेत, लय आणि नाश. लयाला गेलेलं पुन्हा उठतं, मेलेलं उठत नाही. यावर ते एक गोष्ट सांगत. गंगेच्या काठी एक तपस्वी होता. त्याला तहान लागली, शिष्याला त्याने पाणी आणायला सांगितलं आणि शिष्य येण्याआधीच त्याची समाधी लागली. शेकडो वर्षं गेली. शिष्य गेला, राज्यं गेली, नदीचं पात्र सरकलं. मग एके दिवशी तो जागा झाला आणि पहिला शब्द काय, तर ‘पाणी!’ तहानेचा विचार इतकी वर्षं जसाच्या तसा वाट बघत बसला होता.

हे तुम्ही स्वतःवर तपासून बघा. बसताना शेवटचा विचार कोणता होता आणि भानावर आल्यावर पहिला कोणता आला? डब्याला काय करायचं हे मनात असताना बुडालात आणि पाऊण तासाने डब्याचाच विचार घेऊन वर आलात, तर मधल्या काळात काय झालं ते ओळखायला तुम्हाला माझी गरज नाही. सासूबाईंच्या घंटेने जाणारी तिडीक हाही तोच दाखला आहे. इतक्या खोल शांततेतून उठलेला माणूस पितळेच्या घंटेवर का चिडेल? चिडतो, कारण त्याच्या हातातली गोड वस्तू कुणीतरी ओढून घेतलेली असते. या चिकटण्याला जुने लोक रसास्वाद म्हणतात. कारिकेत पुढच्याच श्लोकात सांगितलं आहे की तिथल्या सुखाची चव घेत बसू नये.

इथे तुमच्यासारख्या माहेरच्या वारकरी मुलीला एक शंका यायला हवी. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउली तर उलटं म्हणतात! मन फार चंचल आहे अशी अर्जुनाची कुरकूर झाल्यावरची ही ओवी आहे : ‘कां जें यया मनाचें एक निकें । जें देखिलें गोडीचिया ठाया सोके । म्हणौनि अनुभवसुखचि कवतिकें । दावीत जाइजे ॥’ मनाचं एक बरं आहे, गोडी दिसली की तिथे सोकावतं. म्हणून त्याला कौतुकाने अनुभवसुखच दाखवत जावं. मग चव घ्यायची की नाही? मला वाटतं, दोघे वेगवेगळ्या टप्प्यावरच्या माणसाशी बोलताहेत. माउलींसमोर आहे बाहेर धावणारं मन. त्याला आत वळवायचं तर आत काही गोड आहे हे दाखवावंच लागतं. गौडपादांसमोर आहे आत पोचून तिथेच लोळत पडलेलं मन. वर्षभरापूर्वी तुम्हाला ओवीची गरज होती, आज कारिकेची आहे. आणि ओवीतलं सुख अनुभवाचं आहे. जिथे काहीच कळत नव्हतं तिथला अनुभव कसला?

आता ‘मी कोण’ म्हणण्याबद्दल. १००८ वेळा तर नाहीच. मोजून म्हणायचा तो मंत्र नव्हे.

१८९६ साली मदुराईत, काकांच्या घरी, सोळा वर्षांच्या वेंकटरमणला, म्हणजे पुढच्या रमण महर्षींना, एकाएकी मरणाची भीती वाटली. घरी तो धडधाकट होता, आजार काही नव्हता. त्याने कुणाला हाक मारली नाही. जमिनीवर प्रेतासारखा ताठ पडला, श्वास रोखला, ओठ घट्ट मिटले आणि बघितलं : हे शरीर मेलं, आता हे नेऊन जाळतील, तर मेलं ते काय आणि हे सगळं ज्याला कळतंय तो कोण? प्रश्न त्याने घोकला नाही. प्रश्नाच्या दिशेने बघितलं. त्याच वर्षी १ सप्टेंबरला तो तिरुवण्णामलैला पोचला आणि १९५० मध्ये देह ठेवेपर्यंत तिथून हलला नाही. पुढे लोकांनी विचारलं तेव्हा त्यांनी जी रीत सांगितली ती अगदी घरगुती आहे. विचार आला की त्याच्या मागे जाऊ नये, त्याच्याशी भांडू नये, इतकंच बघावं की हा कुणाला आला? मला. हा ‘मी’ कोण?

समजा बसल्या बसल्या आठवलं, दूधवाल्याचा हिशेब राहिलाय. एरवी इथून दुधाचा भाव, भावावरून महागाई, महागाईवरून मुलाच्या क्लासची फी असं गाडं जातं. त्याऐवजी : कुणाला आठवलं? मला. हे ‘मला’ म्हणताना आत काहीतरी असतं. त्याला तुमचं नाव लागलेलं नसतं, वय नसतं, सून किंवा आई नसते. नुसतं ‘आहे’ इतकं. आरशात न बघताही जे पक्कं असतं ते. लक्ष तिथे टेकवायचं, शब्द सोडून द्यायचे. एक-दोन क्षण टिकेल. मग आणखी काहीतरी आठवेल, फ्रीजमधलं दही, सासूबाईंच्या गोळ्या. पुन्हा : कुणाला? यात उत्तर द्यायचं नाही. ‘मी ब्रह्म’, ‘मी आत्मा’, ‘मी शुद्ध चैतन्य’ हे सगळे विचारच, फक्त रेशमी कपड्यातले. उत्तर आलं की विचारा, हे कुणाला सुचलं? महर्षी म्हणत, चिता ढवळणारी काठी शेवटी चितेतच जळते, तसा ‘मी कोण’ हा विचार बाकीचे विचार जाळून स्वतःही जातो.

या रीतीत झोप लागायला वाव कमी असतो, कारण कुणीतरी सतत जागं असावं लागतं. लागली तर समजावं की ‘मी’वरची पकड सुटली आणि आपण शब्दांच्या झोक्यावर गेलो. तुमचं नेमकं हेच होतंय. ‘मी कोण, मी कोण’ हा झोका झालाय. चूक तुमची फारशी नाही, सांगणाऱ्याने अर्धवट सांगितलं.

हरिपाठ सोडायचं कारण मला समजलंच नाही. द्वैत आहे म्हणे, देव वेगळा आणि भक्त वेगळा! तुमच्या-माझ्या नाशिकजवळच, त्र्यंबकेश्वरी, ब्रह्मगिरीवर निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला अशी परंपरा आहे, त्यांची समाधीही तिथेच. त्यांच्याकडून ते ज्ञानदेवांकडे आलं. त्या ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन केलं, अमृतानुभवात अद्वैत शेवटपर्यंत नेलं आणि हरिपाठही त्यांनीच दिला. त्यांना यात अडचण दिसली नाही, ती गंगापूर रोडला दिसली. तुम्ही टाकळीच्या जवळ राहता. समर्थ रामदासांनी तिथे बारा वर्षं गोदावरीच्या पाण्यात उभं राहून रामनाम घेतलं असं सांगतात, आणि दासबोधात तेच लिहितात, ‘आत्मनिवेदनाचें लक्षण । आधीं पाहावें मी कोण’. नवविधा भक्तीच्या शेवटच्या पायरीवर हा प्रश्न ठेवला आहे, भक्तीच्या बाहेर ठेवलेला नाही. महर्षींनीही नाम सोडायला लावल्याचं दिसत नाही. १९०७ मध्ये गणपती मुनी त्यांच्याकडे गेले होते. मोठे विद्वान, मंत्रजप करून करून थकलेले, तप म्हणजे नक्की काय हे विचारायला आलेले. महर्षींनी सांगितलं, ‘मी’ ही जाणीव कुठून उठते ते बघत राहिलं तर मन तिथे मुरतं, ते तप; आणि मंत्र जपताना त्याचा ध्वनी कुठून उठतो ते बघितलं तर मन तिथे मुरतं, तेही तप.

तुम्हाला हे वरदान आहे. हरिपाठ पाठ आहे, जीभ आपोआप चालते. संध्याकाळी दिवा लावल्यावर मोठ्याने म्हणा, सासूबाईंना सोबत घ्या, आणि म्हणता म्हणता शब्द कुठून उमटतोय तिकडे लक्ष असू द्या. मोठ्याने म्हणणारा माणूस सहसा बुडत नाही.

कुंडलिनीबद्दल मी थोडक्यात आटपते. तो गुरुमुखाने, गुरूच्या नजरेखाली करायचा मार्ग आहे आणि शेजारच्या चटईवर बसलेल्या मैत्रिणीला कुंडलिनी जागी झाल्याचं प्रमाणपत्र देता येत नाही. कुणी पैसे घेऊन ‘जागृती’ करून देतो म्हणालं, तर पाकीट पर्समध्येच राहू द्या.

गुरूशिवाय चालेल का, हे विचारलंत. महर्षींना देहधारी गुरू नव्हते. आपल्या मराठीतच बोलणाऱ्या निसर्गदत्त महाराजांना होते. सिद्धरामेश्वर महाराजांनी ‘मी आहे’ या जाणिवेवर राहायला सांगितलं आणि ते मुंबईत विडीचं दुकान सांभाळत, संसार करत तिथे राहिले. दोन्ही वाटा आहेत. पण आत्ता तुम्हाला गुरूपेक्षा एक शहाणं, वडीलधारं माणूस हवंय, जे तुमच्या अनुभवाने हरखून जाणार नाही आणि पहिल्यांदा विचारेल, ‘झोपतेस किती?’

आता काय करायचं. डॉक्टरांकडून येईपर्यंत आणि झोप रुळावर येईपर्यंत, तीन-चार आठवडे पहाटेची बैठक पूर्ण बंद. हे ऐकून पोटात गोळा आला असेल, तर तो रसास्वादच. त्या वेळात झोपा. उजाडल्यावर अर्धा तास चाला, पायाखालची जमीन, अंगावरचं ऊन याकडे लक्ष देऊन. स्कूटरवर झालं तसं घरात कधी व्हायला लागलं, तर आत बघत बसू नका. थंड पाण्याने हात-तोंड धुवा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, कुणाशी तरी बोला. त्या वेळी ‘हे कुणाला होतंय’ हा प्रश्न औषध ठरत नाही, विस्तवावर रॉकेल ठरू शकतो.

नंतर, डॉक्टरांची हरकत नसेल तर, पुन्हा सुरू करा. सात तास झोप झाल्यावर जी वेळ येईल ती वेळ, मग ती साडेसहा का असेना. वीस मिनिटं, जास्त नाही. भिंतीला टेकू नका, गादीवर बसू नका, खिडकी उघडी ठेवा, डोळे अर्धे उघडे. गुंगी आली की उभ्या राहा. आवाज ऐकू येत राहिले पाहिजेत. भाजीवाला ओरडला तर कळलं पाहिजे, आणि मग ‘कुणाला ऐकू आलं’ एवढं बघून पुढे. वीस मिनिटांत तीनच वेळा ‘मी’पर्यंत जाता आलं आणि बाकी सगळा वेळ विचारच आले, तरी ती बैठक तुमच्या त्या पाऊण तासापेक्षा मोलाची आहे. शांत वाटलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

खरी बैठक मात्र तुमच्या घरात साडेपाचला आहे. घंटा वाजली, तिडीक गेली. ती गेलेली असतानाच, शब्द तोंडातून जाण्याआधी, बघा : कुणाला राग आला? मला. या ‘मला’कडे नुसतं वळलात तरी राग अर्ध्यावर येतो, कारण त्याला पोसणारी गोष्ट (‘यांना कळत कसं नाही, मुद्दाम करतात’) तुटते. कणीक मळताना, कुकरची तिसरी शिट्टी मोजताना, मुलाने उलट उत्तर दिल्यावर, हे करता येतं आणि कुणाला कळतही नाही.

पण याचा गैरवापर करू नका, तो सुशिक्षित बायकांत फार दिसतो. घरात खरोखर अन्याय होत असेल, चार माणसांचं काम एकटीवर पडत असेल, तर ‘राग कुणाला आला’ विचारून तो गिळू नये. ते बोलायचं, भांडायचं असेल तर भांडायचं. पहाटे चार ही वेळ तुम्ही निवडलीत ती ब्राह्ममुहूर्त म्हणून, की चोवीस तासांत तेवढाच तुकडा तुमच्या एकटीचा उरतो म्हणून? दुसरं असेल तर ते घरच्यांना सांगा. संध्याकाळी अर्धा तास दार लावून बसायचा तुम्हाला हक्क आहे, मग त्या वेळी मोटर यजमान बघतील.

त्यांचं ‘तू आमच्यात नसतेस’ हे वाक्य मात्र मनावर घ्या. टोमणा म्हणून ऐकू नका. त्यांनी रमण महर्षी वाचलेले नसतील, पण वर्षभर ते तुम्हाला रोज बघताहेत आणि त्यांचा तुमच्या प्रगतीत काही हितसंबंध नाही. मैत्रिणीचा आहे, तुमची समाधी म्हणजे तिच्या सत्संगाची शान. द्वारकेचा प्रसंग त्यांना आजच सांगा. वीस-बावीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट नवऱ्यापासून लपते आणि मैत्रिणीला कळते, हे ठीक नाही.

शेवटी इगतपुरी. तिथल्या धम्मगिरी केंद्राला माझा विरोध नाही. शिस्त चोख आहे, पैसे मागत नाहीत, अनेकांना लाभ झाला आहे. पण ते विपश्यनेचं केंद्र आहे, बुद्धांच्या परंपरेतलं. तिथे श्वास आणि अंगावरच्या संवेदना बघायला शिकवतात. ‘मी कोण’ हा शोध तिथला नव्हे, आणि त्या दहा दिवसांत जप, पाठ, दुसरी कुठलीही साधना बाजूला ठेवावी लागते. पहाटे चारला उठणं, दिवसाचे सुमारे दहा तास ध्यान, पूर्ण मौन. सध्याच्या तुमच्या अवस्थेत हे नको, अगदी नको. मुलाची परीक्षा होऊ द्या, झोप सुधारू द्या, तो स्कूटरवरचा प्रकार बंद होऊन काही महिने जाऊ द्या आणि डॉक्टरांना विचारा. एवढं झाल्यावरही जावंसं वाटलं तर जा. अर्जात तब्येतीची, मनाच्या त्रासाची माहिती विचारतात; तिथे सगळं खरं लिहा, आणि यजमानांना अर्ज भरायच्या आधी सांगा, नंतर नाही.